कंदफुलांचा वाफा आणि आवारातली मुकी जनावरे : प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२४, इंदूर

आजच्या बैठकीत आमच्या गृहसंस्थेच्या मागच्या भिंतीलगतची बावीस फूट लांब आणि चार फूट रुंद पट्टी कंदफुलांसाठी द्यायचे ठरले आणि तिची जबाबदारी माझ्याकडे आली. अनेक वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवल्यामुळे कंदांची नावे आणि कुळे मला पाठ आहेत, परंतु आज जो प्रश्न पुढे आला तो वर्गात मला कधी कोणी विचारला नव्हता. तळमजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "ताई, तुम्ही तिथे लिली लावणार, आणि आमची मनी तर दिसेल ते पान चावते. तिला काही होणार नाही ना?"

मनी त्यांची तीन वर्षांची मांजर आहे. तिच्याशिवाय आवारात शेरू नावाचा कुत्रा आहे, जो कोणा एकाचा नाही पण ज्याला सगळेच भाकरी घालतात. दुसऱ्या मजल्यावर ब्रूनो नावाचे लॅब्रेडॉरचे पाच महिन्यांचे पिल्लू आहे आणि भिंतीवरून ये-जा करणारी मांजरे तर मोजलेलीच नाहीत. मी "पाहून सांगते" एवढेच उत्तर दिले. ही वही त्या उत्तरासाठी सुरू करीत आहे.

९ मार्च २०२४

सकाळी माळीदादांना बरोबर घेऊन नर्सरीत गेले. तेथे एकाच मांडणीवर सात निरनिराळ्या वनस्पतींना 'लिली' असे लेबल लावलेले पाहिले. रेन लिली, स्पायडर लिली, फुटबॉल लिली, अमॅरिलिस लिली, डे लिली, एशियाटिक लिली आणि कॅना लिली. विक्रेत्याला विचारले की यांतली मांजराला घातक कोणती, तर त्याने सर्वांवरून हात फिरवून "लिलीला काही होत नाही" असे सांगितले. त्याचा हेतू वाईट नव्हता, परंतु या सातांपैकी दोन वनस्पती मांजराचा जीव घेऊ शकतात, चार पोट बिघडवतात आणि एक जवळजवळ निरुपद्रवी आहे. त्या सर्वांसाठी एकच शब्द वापरला की उत्तर चुकणारच.

घरी येऊन वहीत नावांची फोड केली. एशियाटिक लिली ही लिलियम वंशातली, म्हणजे खरी लिली. डे लिली हेमेरोकॅलिस वंशातली आहे. तिला खरा कंद नसतो, मांसल मुळे असतात, आणि वनस्पतिशास्त्र तिला लिलियमच्या कुळातही ठेवत नाही, पण मांजराच्या बाबतीत दोघींचा परिणाम सारखाच होतो. रेन लिली म्हणजे झेफिरँथस, स्पायडर लिली म्हणजे हायमेनोकॅलिस, मे महिन्यात लाल चेंडूसारखा फुलणारा फुटबॉल लिलीचा कंद म्हणजे स्कॅडॉक्सस, आणि अमॅरिलिस या नावाने आपल्याकडे जे विकतात ते बहुतेक वेळा हिप्पिॲस्ट्रम असते. ही चारही भावंडे अमॅरिलिडेसी कुळातली आहेत. कॅना लिली म्हणजे आपली कर्दळ, जिचा लिलीशी नावापलीकडे काही संबंध नाही.

१७ मार्च २०२४

आठवडाभर वाचून आणि आमच्या ओळखीच्या पशुवैद्यांशी दोनदा बोलून जे पक्के झाले ते आज सविस्तर लिहून ठेवते, कारण पुढचे सर्व निर्णय यावर अवलंबून आहेत.

लिलियम आणि हेमेरोकॅलिस यांचा प्रत्येक भाग मांजराच्या मूत्रपिंडाला घातक असतो. कंद तर असतोच, पण पान, दांडा, पाकळी, परागकण आणि फुलदाणीत उरलेले पाणीसुद्धा. यासाठी मांजराने झाड खाल्लेच पाहिजे असेही नाही, कारण अंगावर सांडलेले पराग ते स्वतःला चाटून साफ करताना पोटात घेते, आणि एकदोन पाने किंवा पाकळीचा तुकडा एवढ्यानेही मृत्यू ओढवू शकतो. नेमके कोणते द्रव्य हे करते ते अद्याप कोणालाही ओळखता आलेले नाही. म्हणून त्यावर उतारा नाही आणि रक्तात ते शोधायची तपासणीही नाही. पहिल्या काही तासांत उलट्या होतात, लाळ गळते आणि मांजर खाणे सोडते. त्यानंतर उलट्या थांबतात आणि घरच्यांना वाटते की संकट टळले. मला हा टप्पा सर्वांत भीतीदायक वाटतो, कारण त्याच काळात मूत्रनलिकांच्या पेशी मरत असतात. साधारण बारा ते चोवीस तासांच्या दरम्यान लघवी वाढते आणि शरीरातले पाणी कमी होते, आणि चोवीस ते बहात्तर तासांत मूत्रपिंडे निकामी होऊन लघवी बंद पडू शकते. पहिल्या अठरा तासांच्या आत दवाखान्यात शिरेतून सलाईन सुरू झाले आणि ते दोन ते तीन दिवस चालू राहिले, तर बहुतेक मांजरे वाचतात. लघवी बंद पडल्यावर उपचार सुरू झाले तर आशा फार थोडी उरते.

कुत्र्याने हेच लिलियम खाल्ले तर त्याचे पोट बिघडते, पण मूत्रपिंडाचा हा आजार त्याला होत नाही. एकाच आवारातल्या दोन प्राण्यांसाठी एकाच फुलाचे दोन निरनिराळे अर्थ असतात. त्यामुळे "हे झाड प्राण्यांना सुरक्षित आहे का" हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता प्राणी, झाडाचा कोणता भाग आणि किती प्रमाणात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर देऊ नये असे मी ठरवले आहे.

अमॅरिलिडेसी कुळाची गोष्ट वेगळी आहे. या कंदांत लायकोरीन नावाचे अल्कलॉइड, म्हणजे एक विषारी द्रव्य, असते. ते मेंदूतील उलटीच्या केंद्रावर परिणाम करते, म्हणून कंद चावल्यानंतर लवकरच लाळ, उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि बरेचसे विष शरीर स्वतःच बाहेर टाकते. पानांपेक्षा कंदात ते अधिक असते. कंद मोठा आणि प्राणी लहान असेल तर थरथर, झटके आणि रक्तदाब उतरणे येथपर्यंत मजल जाऊ शकते, म्हणून यालाही किरकोळ म्हणू नये. थंड प्रदेशातला नार्सिसस याच कुळातला आहे आणि स्मृतिभ्रंशावर दिले जाणारे गॅलँटामीन हे औषधही याच कुळातून मिळते. एकाच कुळात विष आणि औषध शेजारी असल्याचे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे. त्या वेळी मनीचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता.

२४ मार्च २०२४

माळीदादा प्रत्येक कंदाला 'कांदा' म्हणतात, लिलीचा कांदा, निशिगंधाचा कांदा, आणि त्यांचे म्हणणे बरोबरच आहे. त्यावरून लक्षात आले की स्वयंपाकघरातला कांदाही कंदच आहे आणि कदाचित आवारातल्या प्राण्यांना सर्वांत जास्त वेळा मिळणारा घातक कंद तोच आहे. कांदा आणि लसूण यांतील गंधकयुक्त द्रव्ये रक्तातील तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्याने ती नाहीशी होत नाहीत, आणि परिणाम लगेच न दिसता काही दिवसांनी अशक्तपणा, फिकट हिरड्या आणि गडद रंगाची लघवी या रूपाने दिसतो. मांजराचे रक्त याबाबतीत कुत्र्यापेक्षा नाजूक असते. मांजराच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कांदा पुरे होतो, तर कुत्र्यासाठी हे प्रमाण १५ ते ३० ग्रॅम सांगितले जाते. मनीचे वजन साडेतीन किलो आहे, म्हणजे एका मध्यम कांद्याच्या पाव भागाहूनही कमी तिला बाधू शकेल.

शेरूला रोज कोणाची ना कोणाची उरलेली भाजी मिळते. हा विषय वाफ्याच्या बाहेरचा असला तरी तो पुढच्या बैठकीत मांडणार आहे.

३१ मार्च २०२४

बैठकीत निर्णय सांगितले. लिलियम आणि हेमेरोकॅलिस वाफ्यात नाहीत, कुंडीतही नाहीत. मागची रांग कर्दळीची राहील. कर्दळ कुत्र्यामांजरांना विषारी मानली जात नाही, तिचे गड्डे काही देशांत माणसेही शिजवून खातात, आणि तिची दाट पाने समोरच्या रांगेला आडोसा देतील. मधली रांग हिप्पिॲस्ट्रमची, तिच्यावर जमिनीत जाळी. पुढची रांग गुलाबी आणि पांढऱ्या रेन लिलीची, कारण तिचे कंद लहान आहेत, ते गच्च गुच्छाने वाढतात आणि उकरायला अवघड जातात. निशिगंधाचे चार कंद कट्ट्यावरच्या उंच कुंड्यांत राहतील. तो लिलियमपैकी नाही आणि मूत्रपिंडाच्या त्या आजाराशी त्याचा संबंध नाही, तरी कंद जनावरांच्या तोंडाजवळ ठेवायचा नाही हा नियम मी सर्वांना सारखाच लावला आहे. पायऱ्यांजवळ कॅलेडियम हे रंगीत पानांचे शोभेचे झाड लावण्याची सूचना आली होती, तीही नाकारली. अळूप्रमाणेच त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. ते जीभ आणि घसा सोलवटून काढतात, आणि ब्रूनोच्या वयाचे पिल्लू प्रत्येक गोष्ट तोंडाने तपासते.

बैठक संपताना वहिनींनी पुन्हा विचारले, "म्हणजे लिली चालेल ना?" मी घाईत होते. "रेन लिली चालेल," असे सांगितले.

७ एप्रिल २०२४

वाफ्याची माती. मालव्यातली काळी माती पावसात पाणी धरून बसते आणि कंद सडतात, म्हणून माती नऊ इंच उपसून खाली गिट्टीचा थर दिला, वर मुरूम, वाळू आणि कंपोस्ट समप्रमाणात मिसळून वाफा जमिनीपासून सहा इंच उंच केला. कंपोस्ट खड्ड्यातले आहे. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात याच शहरात बसवलेल्या इंदूर पद्धतीने केलेले ते खत आमच्या आवारात गेली आठ वर्षे चालू आहे.

खताच्या बाबतीत आज एक मोठी चूक टळली. माळीदादांनी स्वस्त मिळाली म्हणून एरंडीच्या पेंडीचे पोते आणले होते. एरंडीच्या बियांतले तेल निघाले तरी रिसिन हे विष पेंडीत राहते, पेंडीचा वास कुत्र्यांना आवडतो, आणि खतातली ही पेंड खाऊन कुत्रे दगावल्याची उदाहरणे पशुवैद्यांना चांगली ठाऊक आहेत. कोणत्याही लिलीपेक्षा शेरूला या पोत्यापासून जास्त धोका होता. ते पोते परत पाठवले आणि निंबोळी पेंड मागवली. माळीदादांना वाईट वाटले, म्हणून त्यांच्याजवळ बसून कारण नीट समजावून सांगितले. त्यांच्या गावाकडे दोन वर्षांपूर्वी एक कुत्रा असाच गेला होता आणि तेव्हा कोणाला कारण कळले नव्हते, असे ते बऱ्याच वेळाने म्हणाले.

२० एप्रिल २०२४

लागवड पूर्ण. हिप्पिॲस्ट्रमचे अठरा कंद, रेन लिलीचे दोनशेच्या आसपास, कर्दळीचे चौदा गड्डे. कंद लावल्यावर वर दोन इंच माती, तिच्यावर कोंबडीजाळी आणि पुन्हा माती. कोंब जाळीतून सहज वर येतात, पंजा मात्र खाली जात नाही. मोकळी भुसभुशीत माती मांजरांना विष्ठेसाठी आवडते, त्यामुळे कडेने जाड गिट्टी पसरली.

जाळी अपुरी पडली. शेवटचे चार कंद उघडेच आहेत, उद्या आणू.

१९ मे २०२४

जाळी 'उद्या' आणायची होती ती आज महिना उलटला तरी आलेली नव्हती, आणि हा दोष माझाच आहे. दुपारी साडेतीनला माळीदादांची हाक आली. शेरूने उघड्या कोपऱ्यातला वाफा उकरला होता आणि एक कंद अर्धा चावलेला पडला होता. आधी वाटले की उन्हाळ्यात ओलसर मातीत पोट टेकवून बसायला कुत्रे खड्डा करतात तसाच हा खड्डा असेल. पण त्या कोपऱ्यात गेल्या आठवड्यात कोणीतरी मला न विचारता बोनमील टाकले होते. हाडांच्या चुऱ्याचा वास कुत्र्याला खाली खणायला लावतो, आणि तो खणत गेला की वाटेत कंद येतो. बोनमील स्वतः विषारी नसले तरी जास्त खाल्ल्यास पोटात त्याचा घट्ट गोळा बनू शकतो, हे आज डॉक्टरांकडून कळले.

शेरूच्या तोंडातून तारेसारखी लाळ गळत होती आणि वीस मिनिटांत त्याला चार उलट्या झाल्या. कोणीतरी मिठाच्या पाण्याचा तांब्या घेऊन आले होते, ते मी देऊ दिले नाही. मिठाच्या पाण्याने रक्तातले सोडियम वाढून कुत्रा दगावू शकतो, आणि ज्याला आधीच उलट्या होत आहेत त्याला आणखी उलटी करवण्याचे काही कारण नसते. दुधाचाही आग्रह झाला. दूध हा या विषाचा उतारा नाही. तोंड साध्या पाण्याने धुतले, चावलेला कंद पिशवीत घातला, वेळ कागदावर लिहिली आणि रिक्षाने दवाखाना गाठला. कंद दाखवता आल्याने डॉक्टरांना अंदाज बांधावा लागला नाही. उलटी थांबवण्याचे इंजेक्शन आणि त्वचेखाली सलाईन देऊन त्यांनी त्याला संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवले.

२० मे २०२४

शेरूने सकाळी अर्धी भाकरी खाल्ली. चारही कंदांवर जाळी बसवली. बोनमीलचा थर खरवडून काढला.

२६ जून २०२४

परवा रात्री पहिला मोठा पाऊस झाला आणि आज सकाळी पुढची सबंध रांग गुलाबी झाली. रेन लिलीचे हे वागणे कितीही वेळा पाहिले तरी मन भरत नाही. महिनाभर गवतासारखी निपचित असलेली पात, एक दमदार सर, आणि दोन-तीन दिवसांत दांडा आणि फूल दोन्ही. आवारातले सगळे लोक चहाचे कप घेऊन मागच्या भिंतीशी जमले होते.

मनी फुलांत फिरून आली, पात हुंगली आणि शेजारच्या कुंडीतले गव्हाचे अंकुर खाऊ लागली. ही कुंडी मी मुद्दाम ठेवली आहे. मांजरांना हिरवे चघळायची स्वाभाविक ओढ असते आणि कोवळे गवत हाताशी असले तर दुसऱ्या पानांकडे ती कमी वळतात असा माझा अनुभव आहे. झेफिरँथसमध्येही लायकोरीन असते, तेव्हा कंद बाहेर पडणार नाहीत याची काळजी पावसाळाभर घ्यावी लागणार आहे. जोराच्या पावसाने कडेची माती वाहून तीन कंद उघडे पडले होते, ते उचलले.

६ जुलै २०२४, रात्री १२

हात अजून थरथरत आहेत, तरी क्रम आत्ताच लिहिला पाहिजे.

पहिल्या मजल्यावरचे भाऊ निवृत्त झाले. समारंभात त्यांना मोठा गुलदस्ता मिळाला आणि त्यातली अर्धी फुले त्यांनी प्रेमाने वहिनींना दिली. त्यांत ओरिएंटल लिलीचे, म्हणजे लिलियमचेच, तीन दांडे होते, पांढरी मोठी फुले आणि विटकरी रंगाचे पराग. वहिनींनी ती बैठकीतल्या टेबलावर फुलदाणीत ठेवली. रात्री नऊ वाजता त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तेव्हा फुलदाणी आडवी होती, एका पाकळीची कड कुरतडलेली होती आणि मनी छातीवरचे केशरी डाग चाटत होती. पावणेदहाला तिला पहिली उलटी झाली. मग वहिनींनी मला बोलावले.

मी आत आल्यावर त्यांनी जे म्हटले ते मी विसरणार नाही. "ताई, तुम्हीच म्हणाला होतात ना, लिली चालेल?"

मनीला ओल्या टॉवेलात गुंडाळले आणि आणखी चाटता येऊ नये म्हणून वहिनींनी तिला घट्ट धरून ठेवले. पाकळी, पान आणि परागाचा एक तंतू डबीत घातला. डॉक्टरांनी दवाखाना उघडला. साडेदहाच्या आत आम्ही पोहोचलो, म्हणजे पराग अंगावर पडल्यापासून फार तर दोन तास झाले असावेत. अंग साबणाने धुतले, उरलेले विष शोषून घेण्यासाठी औषध दिले आणि शिरेतून सलाईन सुरू केले. रक्त आत्ताच घेतले आहे, कारण पुढच्या तीन दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडे बिघडली की रक्तात वाढणारे द्रव्य) वाढते का हे या पहिल्या आकड्याशी ताडून पाहावे लागेल. दवाखान्यातली सोय अपुरी पडली तर महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचे ठरले आहे.

७ जुलै २०२४

उलट्या थांबल्या आहेत. वहिनींना वाटते की आता घरी न्यावे. मी त्यांना मार्चमधले पान वाचून दाखवले. उलट्या थांबणे म्हणजे सुटका नव्हे. त्या गप्प राहिल्या, आणि दवाखान्यातच थांबल्या.

९ जुलै २०२४

तिन्ही दिवसांचे क्रिएटिनिन पहिल्या आकड्याच्या जवळच राहिले. लघवी व्यवस्थित होत आहे. रात्री सलाईन काढले. मनी उद्या घरी येईल.

१४ जुलै २०२४

चार महिने सगळी काळजी मी वाफ्यात घातली, जाळी, गिट्टी, पेंड, आणि लिली आली ती फुलदाणीतून, कौतुकाच्या हातांनी. मी वाफ्यात काय लावायचे नाही ते सांगितले होते, पण घरात काय आणायचे नाही ते सांगितले नव्हते. शिवाय 'रेन लिली चालेल' या तीन शब्दांतला पहिला शब्द ऐकणाऱ्याच्या मनातून गळून जाईल हे मला, आयुष्यभर शिकवणारीला, कळायला हवे होते.

आज फलकावर दुसऱ्या कोणीतरी कागद लावलेला दिसला, "लिली विषारी आहे. बागेतली लिली काढून टाकावी." हेतू समजतो, पण ही पाटी माझ्या वाक्याइतकीच घातक आहे. या कागदाप्रमाणे वागले तर रेन लिली उपटली जाईल, आणि दारावर पुढचा गुलदस्ता आला की त्यातल्या फुलाला कोणी 'लिली' न म्हणता 'स्टारगेझर' (लिलियमचाच एक वाण) म्हटले तर ते आत जाईल. मी तो कागद काढला नाही. त्याच्या शेजारी माझा लावला. त्यात दोन फुलांची मोठी रंगीत चित्रे आहेत, लिलियम आणि हेमेरोकॅलिस, आणि खाली एवढेच लिहिले आहे की ज्या घरात मांजर आहे किंवा येते तेथे ही दोन फुले, नाव काहीही असो, आत आणू नयेत. मांजराने ती चाटल्याची शंका आली तरी उलटीची वाट न पाहता त्याच तासात, फुलाचा तुकडा बरोबर घेऊन दवाखाना गाठावा. फुलवाल्याकडे गुलदस्ता सांगताना 'लिली नको' असे सांगण्याचे भाऊंनी स्वतःहून सर्वांच्या वतीने मान्य केले. त्यांना फार अपराधी वाटत होते. मी त्यांना सांगितले की त्यांच्याइतकेच मलाही वाटते.

२८ जुलै २०२४

गोगलगाई वाढल्या आहेत. त्यांच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्या आणायच्या नाहीत, कुत्रे त्या खाद्य समजून खातात आणि त्यांना झटके येतात. संध्याकाळी बॅटरी घेऊन हाताने वेचतो. ब्रूनोच्या घरची दोन मुले मदतीला येतात.

४ ऑगस्ट २०२४

एका रहिवाशांनी शेताच्या कुंपणावरून वेलाचा कंद आणला, "फार सुंदर लाल-पिवळे फूल येते" म्हणून. कंद पाहताच ओळखला, दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते याच आकारावरून. ती कळलावी आहे, ग्लोरिओसा सुपर्बा, तामिळनाडूचे राज्यपुष्प. फुलाच्या सौंदर्याबद्दल ते खरे बोलत होते. पण तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसीन हे विष असते. ते पेशींचे विभाजन थांबवते, म्हणून आतडी आणि हाडांतला मगज यांना आधी मार बसतो. कुत्रा, मांजर, माणूस, यांपैकी कोणीही त्यातून सुटत नाही, आणि त्यावरही सहज मिळेल असा उतारा नाही. आजवर वहीत आलेल्या सर्व कंदांत हा सर्वांत वरचा. त्याला मी कुंडीतही जागा दिली नाही. त्यांना थोडा राग आला. कंद त्यांनी कागदात गुंडाळून परत शेतावर नेला.

२२ सप्टेंबर २०२४

वाफ्यातल्या पाट्या नव्याने रंगवल्या. 'लिली' हा शब्द सर्व पाट्यांवरून काढून टाकला आहे. हिप्पिॲस्ट्रमवर हिप्पिॲस्ट्रमच लिहिले, लोकांना उच्चार अवघड जातो, पण चुकीच्या सोप्या नावापेक्षा तो बरा. झेफिरँथस या नावाचा ग्रीक अर्थ पश्चिम वाऱ्याचे फूल असा आहे. मालव्याला पाऊस आणणारे वारेही पश्चिमेच्या अंगानेच येतात. म्हणून त्या पाटीवर मोठ्या अक्षरांत 'पश्चिमवारा' आणि खाली लहान अक्षरांत वंशाचे नाव लिहिले. प्रत्येक पाटीच्या तळाशी एक ओळ आहे: कंद चावल्यास कुत्र्याला व मांजराला उलट्या होतात, कंद घेऊन दवाखान्यात जावे. कर्दळीच्या पाटीवर ती ओळ नाही.

१० नोव्हेंबर २०२४

ग्लॅडिओलसचे तीस कंद आले आहेत. याच्या कंदांनीही लाळ, उलट्या, गुंगी आणि जुलाब होतात आणि विष मुख्यतः कंदातच असते, म्हणून ते वाफ्यात न लावता गच्चीवर लावू. गच्चीचे दार बंद राहते आणि किल्ली माझ्याकडे आहे.

दुपारी वहिनी आल्या. त्यांच्या बहिणीच्या घरी, उज्जैनला, नवे मांजर आणले आहे आणि अंगणात 'पिवळ्या लिली'चा मोठा ताटवा आहे. फुलाचा फोटो त्यांनी मागवून घेतला होता. "ताई, नाव विचारत नाही," त्या म्हणाल्या, "वंश सांगा." फोटोत अरुंद लांब पाने तळापासून पंख्यासारखी निघालेली आहेत, दांड्याला पाने नाहीत, आणि एकाच दांड्यावर कालचे मिटलेले, आजचे उमललेले आणि उद्याची कळी असे तिन्ही आहे. हेमेरोकॅलिस. आम्ही दोघींनी तेथूनच फोन लावला. ताटवा उद्या सकाळी मुळांसकट काढणार आहेत. काढलेली पाने अंगणात न ठेवता पोत्यात बांधून बाहेर द्यावीत आणि तोवर मांजराला घरात कोंडून ठेवावे, हे वहिनींनीच त्यांना सांगितले.